पणजी–रायबंदर बांध: लांबी तीन किलोमीटर, वय चारशेच्या घरात

तिसवाडीकर

मुंबई-पुण्याकडचे पाहुणे मंगेशीला निघाले की हल्ली फोनमधला नकाशा त्यांना मेरशीवरून कदंब पठारावर चढवतो आणि थेट जुन्या गोव्यात उतरवतो. रस्ता रुंद आहे, वेळ वाचतो, तक्रार काही नाही. पण खालचा नदीकाठचा रस्ता कधी बघितलाच नाही असे लोक भेटू लागलेत, त्यात पणजीत राहणारेही आहेत. म्हणून हा धागा.

पणजी ते जुने गोवे नदीकाठाने जेमतेम नऊ-दहा किलोमीटर. कदंब बसस्थानक सोडलं की दिवजा सर्कल. डोक्यावर मांडवीचे जोडपूल आणि त्यांच्याही वरून जाणारा, २०१९ साली सुरू झालेला अटल सेतू. या सगळ्या काँक्रीटखालून बाहेर पडलात की रस्ता एकदम सरळ होतो. डावीकडे खारफुटी आणि तिच्या फटींतून मांडवी, उजवीकडे मिठागरं आणि पाणथळ. सावली औषधालाही नाही. हाच तो बांध, पोर्तुगिजांचा 'पोंत द लिन्यारिश'. सुमारे तीन किलोमीटरनंतर रायबंदर पाटो लागतो आणि रस्ता पुन्हा माणसांत येतो. बाल्कांवची (दाराबाहेर बसायच्या ओट्यांची) जुनी घरं इतकी रस्त्यालगत की बसच्या खिडकीतून कुणाच्या घरी आज काय शिजलंय ते कळावं. पुढे नदीच्या अंगाला आजुदाचं चर्च (मूळ १५६५चं), चोडणच्या फेरीचा धक्का, जुन्या इस्पितळाची लांबलचक इमारत. मग सां पेद्रु, पानेलीं, तिथले दारूगोळ्याच्या कारखान्याचे म्हणजे काझा द पोल्वोराचे अवशेष, आणि जुने गोवे.

बांध घातला तो विजरई (पोर्तुगीज व्हाइसरॉय) कोंद द लिन्यारिश, म्हणजे दों मिगेल द नोरोन्या याच्या कारकिर्दीत (१६२९ ते १६३५). कामाची वर्षं १६३३-३४. राजधानी तेव्हा जुने गोवे. पणजी म्हणजे नदीच्या मुखाकडचा खाजनांचा (भरतीच्या पाण्याला बांध घालून राखलेल्या खारजमिनींचा) गाव आणि त्यात आदिलशहाचा वाडा, तोच आपला जुना सचिवालय. पोर्तुगालहून आलेला नवा विजरई राजधानीत वाजतगाजत शिरण्याआधी या वाड्यात मुक्काम करायचा, परत जातानाही तिथेच थांबायचा. पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये मात्र चिखल, भरतीचं पाणी आणि मिठागरं.

आता माझा मुद्दा, यावर वाद घाला. पणजी राजधानी १८४३ साली झाली असं शाळेत शिकवतात. माझ्या मते ती गोष्ट १६३४ सालीच ठरून गेली होती. साथींनी गांजलेलं जुनं शहर सोडून विजरई १६९५ साली पानेलींला राहायला आला, १७५९ साली पणजीच्या वाड्यात, आणि १८४३ साली लिस्बनहून हुकूम निघून 'नोव्हा गोवा' झालं. जुने गोवे, पानेलीं, पणजी. नकाशावर तीन ठिपके द्या, तिन्ही याच रस्त्यावर पडतात. राजधानी या रस्त्याने टप्प्याटप्प्याने चालत आली.

---

पदेराची_सायकल

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

---

सुकती_भरती

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. रस्त्याला फार श्रेय देताय.

त्या काळचा हमरस्ता म्हणजे मांडवी. जुन्या गोव्याचा दरवाजा कुठे आहे बघा: दिवाडीच्या फेरीकडे जाताना लागते ती विजरईची कमान. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिश्कु द गामा विजरई असताना, सोळावं शतक संपता संपता ती उभी राहिली, आणि ती नदीच्या धक्क्यावर आहे. पणजीच्या दिशेला तसा एखादा दरवाजा का नाही? कारण तिकडून कुणी मानाचा माणूस येतच नव्हता. विजरई होडीतून यायचा, माल होडीतून यायचा. तुमचे तीन ठिपके रस्त्यावर पडतात तसे नदीकाठावरही पडतात.

दुसरं. बांधाने राजधानी ठरवली म्हणता, मग मुरगावचं काय? नोव्हेंबर १६८३मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे, म्हणजे सांत इस्तेव घेतलं. जुन्या गोव्यातून ते बेट समोर दिसतं. विजरई आल्व्होर ते परत घ्यायला गेला आणि मार खाऊन आला. शेवटी फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवून त्याने साकडं घातलं. पुढे मुघल शहजादा शाह आलम चालून येतोय म्हणून मराठे मागे फिरले, तेव्हा कुठे शहर वाचलं. त्यानंतर या विजरईने राजधानी हलवायचं मनावर घेतलं ते कुठे? मुरगावला! तिथे कामही सुरू झालं. बांध तेव्हा पन्नास वर्षांचा होता, पण पणजी कुणाच्या डोक्यातही नव्हती.

---

तिसवाडीकर

@सुकती_भरती, मुरगावचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्याच बाजूने वळतो बघा. मुरगावचं काम वर्षानुवर्षं रखडलं आणि शेवटी सोडून दिलं. तिथे सगळं शून्यापासून उभं करायचं होतं आणि जुन्या शहराशी असलेला धागा तुटणार होता. सरकार हलतं म्हणजे फक्त विजरई हलत नाही. कारकून, पाद्री, हिशेबनीस, त्यांची बिऱ्हाडं, सगळ्यांची रोजची ये-जा असते. सें कॅथेड्रल, मठ, धर्मपीठ कितीतरी काळ जुन्या गोव्यातच राहिलं. पणजीत झोपून जुन्या गोव्यात कामाला जाणं बांधामुळे शक्य होतं, मुरगावहून नव्हतं.

आणि मानाचा माणूस होडीतून यायचा हे कबूल. पण रस्ते मानाच्या माणसांसाठी नसतातच हो.

---

जांभ्याचा_चिरा

बांधकामातला माणूस आहे, म्हणून थोडं दगडाविषयी.

लोक 'बांध' म्हणतात त्यामुळे ती सलग भिंत असावी असं वाटतं. तशी असती तर पन्नास वर्षंसुद्धा टिकली नसती. एका बाजूला मांडवी, तिला दिवसातून दोनदा भरती. दुसऱ्या बाजूला चिंबल-मेरशीकडून उतरणारं पावसाचं पाणी. मध्ये भिंत घातली की पावसाळ्यात आतलं पाणी बाहेर पडणार नाही आणि एरवी मिठागरांना खारं पाणी मिळणार नाही. म्हणून खालून कमानी ठेवल्या आहेत. गाडीतून त्या दिसत नाहीत, ओहोटीला कडेने बघावं लागतं. भरतीचं पाणी कमानीतून आत शिरतं, सुकतीला त्याच वाटेने परत जातं. भिंतींवर दाब साठत नाही. आपल्या खाजनांच्या बांधात मानशीचं (पाणी आत-बाहेर सोडायच्या मोरीचं) दार जे काम करतं तेच इथे कमान करते, फक्त दार नाही.

दगड आपला जांभा. खाणीतून काढला तेव्हा कुऱ्हाडीने तासता येतो, वारा लागला की कठीण होत जातो. कोकण-गोव्यात चुन्यात बसवलेला जांभा शतकानुशतकं उभा आहे. त्याचा खरा शत्रू पाणी नव्हे, हादरा. बैलगाडी आणि पालखीसाठी बांधलेल्या भरावावर आपण बस, टिप्पर, टँकर घातले. बेळगावाहून अनमोड घाट उतरून फोंड्यामार्गे येणारी सगळी वाहतूक पठारावरचा रस्ता होईपर्यंत याच बांधावरून पणजीत शिरत होती. खालचा चिखल मऊ, वरचा भार वाढता. कुठे रस्ता किंचित खचलेला जाणवतो, दुचाकीवर तर नक्कीच.

---

आल्तिन्योवरून

म्हणजे पोर्तुगिजांचं काम चारशे वर्षं टिकतं आणि आपला १९७०चा नेहरू पूल ५ जुलै १९८६ला मांडवीत बसतो. पुढे वर्षानुवर्षं बेतीच्या फेरीला रांगा लावल्या आम्ही. बोलायलाच नको.

---

जांभ्याचा_चिरा

@आल्तिन्योवरून, ही तुलना दर धाग्यात येते म्हणून सांगतो. नेहरू पूल खोल, वाहत्या, जहाजं चालणाऱ्या नदीवर होता. लिन्यारिशच्या माणसांनी मांडवी ओलांडायचा विचारही केला नाही, तिच्या कडेची दलदल ओलांडली. पूल पडला याची लाज वाटावी, जरूर वाटावी, पण त्याला बांधाची फूटपट्टी लावू नये.

---

खाजनातली_बाय

मिठागरांचा उल्लेख सगळ्यांनी जाता जाता केलाय. आमच्या आजोळचं मिठागर या बांधापासून हाकेच्या अंतरावर होतं, म्हणून चार ओळी.

पावसाळ्यात मिठागर नसतंच. तिथे पाणी आणि मासळी असते: काळुंद्रं, शेवटे, नशीब असेल तर चोणक. दिवाळीनंतर पाणी काढून टाकायचं, तळाचा चिखल पायांनी तुडवून सपाट करायचा. हे तुडवणं नाचल्यासारखं दिसतं आणि संध्याकाळी पोटऱ्या दगड होतात. वाफे आखायचे, जमीन ऊन खाऊन कडक झाली की भरतीचं पाणी घ्यायचं. आधी एका मोठ्या खाचरात ते तापू द्यायचं, मग पुढच्या वाफ्यात, मग शेवटच्या छोट्या वाफ्यात. तिथे दुपारी पाण्यावर साय धरावी तसं मीठ धरतं. फळीने हलक्या हाताने ओढायचं. जोर लावला की खालचा चिखल वर येतो, मीठ काळं पडतं आणि मामा ओरडतो. मे महिन्यापर्यंत बांधाच्या कडेने पांढरे ढीग लागायचे आणि पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरायला निघालेले लोक गाड्या थांबवून मीठ घ्यायचे. चेपणीच्या तोरांना (मिठात मुरवलेल्या कैऱ्यांना) हेच जाड मीठ लागतं, पुडीतल्या मिठाने ती बुळबुळीत होतात हा आमच्या घरचा सिद्धांत आहे.

हा धंदा मोडला तो आयोडिनाच्या मिठामुळे किंवा जमिनींच्या भावांमुळे असं म्हणतात. ते खरं आहेच, पण पहिला तडाखा त्याच्या किती आधीचा. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. त्यात गोव्यातल्या मिठाचा मक्ता इंग्रजांनी घेतला आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये कबूल केले. मुरगावच्या रेल्वेची तरतूदही त्याच करारातली. घाटावर जाणारं गोव्याचं स्वस्त मीठ इंग्रजांना आपल्या मिठाच्या करापायी नको होतं. करार १८९२ साली संपला, पण तोवर कित्येक मिठागरांत गवत उगवलं होतं.

आता बांधावरून उजवीकडे बघितलं तर बरीचशी खारफुटी दिसते. बाहेरचे लोक म्हणतात, वा, किती हिरवंगार. मला तिथे पडीक वाफे दिसतात.

---

सुकती_भरती

@खाजनातली_बाय, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. लिहाच. मीठ काळं पडलं की मामा ओरडतो हे वाचून आमचे मामा आठवले, ते तर मीठ पांढरं असलं तरी ओरडायचे.

---

पंचगंगाकाठ

धागा फार आवडला. आम्ही कोल्हापूरची मंडळी, दरवर्षी शांतादुर्गा-मंगेशी करतो. बांधावरून एकदाच गेलोय, चुकून. एक शंका: इतका महत्त्वाचा रस्ता आहे तर रुंद का करत नाहीत? दोन्ही बाजूंना मोकळी जागाच दिसते.

---

तिसवाडीकर

@पंचगंगाकाठ, मोकळी दिसते ती जागा नाही, ते पाणी आहे. डावीकडे नदीपात्र आणि खारफुटी, उजवीकडे खाजन. रुंद करायचं तर जुन्या भिंतीला चिकटून नवा भराव घालावा लागेल. म्हणजे जुनी भिंत झाकली जाणार आणि कमानींची तोंडं बंद होणार. माझ्या मते पठारावरून दुसरा रस्ता काढला ही या बांधासाठी सगळ्यात चांगली गोष्ट झाली. आता पुढची पायरी म्हणून अवजड गाड्या इथून कायमच्या बंद कराव्यात.

---

रायबंदरचो_पात्रांव

पायरी सुचवणारे पणजीत राहतात वाटतं. रायबंदरवाल्यांना विचारा की. आम्हाला गॅसची गाडी लागते, पाण्याचा टँकर लागतो, घर दुरुस्त करायला वाळू-चिरे लागतात. ते काय चोडणच्या फेरीने आणू?

बांध सरकारी कागदात वारसा असेल, आमच्यासाठी रोजचा आहे. संध्याकाळी साडेसहाची मिनीबस, कंडक्टर दारात लटकून 'फुडें सर, फुडें सर' ओरडतोय, पुढे सरकायला बोटभर जागा नाही, आणि बांधाच्या मध्यावर एखादी गाडी बंद पडते. दोन्ही बाजूंना पाणी, मागे फिरायला वाव नाही. मग ड्रायव्हर इंजिन बंद करतो आणि डास आत येतात. मिठागराचे डास ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांनी वारशावर बोलू नये.

हे रागाने लिहीत नाही हं. बांध मलाही आवडतो. जूनमधल्या पहिल्या पावसात भरती आणि वारा एकदम आला की पाणी रस्त्याच्या काठापर्यंत चढतं, आणि त्या वेळी पाग (फेकजाळं) घेऊन उभी असलेली आमची पोरं बघायला या. पण निर्णय घेताना आम्हाला मोजा एवढंच.

---

तिसवाडीकर

@रायबंदरचो_पात्रांव, मान्य. आरपार जाणारी अवजड वाहतूक म्हणायचं होतं, रायबंदरला येणारी नव्हे. तुमचा टँकर अडवला तर आमच्याच चुलतबहिणीकडे पाणी यायचं नाही, ती पाटोवर राहते.

---

पदेराची_सायकल

रुमाल उचलतो.

कुणी १९६१चा विषय काढला नाही. हल्ली समाजमाध्यमांवर फिरतं की भारतीय फौज या बांधावरून पणजीत शिरली. पणजीत पहिल्यांदा पोचलेले जवान नदीपलीकडून आले. १८ डिसेंबरच्या संध्याकाळी ते बेतीला होते, १९च्या सकाळी मांडवी ओलांडून पणजीत उतरले. छत्री सैनिकांची दुसरी तुकडी मात्र बाणस्तारीच्या बाजूने आली होती. म्हणजे सुकती_भरती यांची बाजू धरायची तर १९६१ सालीही नदीनेच निकाल लावला. 🙂

या रस्त्यावर खरी गर्दी बघायची असेल तर नोव्हेंबरअखेर या. २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, ३ डिसेंबरला गोंयच्या सायबाचं, म्हणजे फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. लोक पहाटे काळोखात पायी निघतात, हिंदूही असतात. दर दहा वर्षांनी शवप्रदर्शन असतं तेव्हा तर काय, २०२४-२५ला झालं. बॉं जेझूस चर्चमधली प्रार्थना आटोपून परतताना लोक फेस्ताच्या जत्रेतून खाजें आणि चण्याच्या पुड्या घेतात, आणि उन्हं वर यायच्या आत बांध ओलांडायची घाई करतात, कारण त्या तीन किलोमीटरांत तुम्हाला वाचवणारं एक झाड नाही.

अवांतर: रायबंदरच्या त्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत १९९३पासून काही वर्षं व्यवस्थापनशास्त्राची संस्था चालत होती, नंतर ती साखळीजवळ गेली. नदीकडच्या खिडक्यांत बसून ताळेबंद शिकलेले लोक आज मोठमोठ्या पदांवर आहेत. त्यांचं लक्ष वर्गात कसं राहायचं कोण जाणे.

---

सुकती_भरती

पदेरबाब, बाजू धरल्याबद्दल आभार. तिसवाडीकरांना एक देऊन टाकतो. जुन्या गोव्यातल्या पडक्या वाड्यांचे दगड पणजीच्या बांधकामांना वापरले हे सर्वश्रुत आहे. नव्या पणजीचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकात दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु याच्या वेळी (१८२६ ते १८३५) आखला गेला, दलदली बुजवल्या, रस्ते काढले. एवढा पसारा वाढवायला मागे पक्का रस्ता असणं उपयोगी पडलंच असणार. म्हणजे बांधाने राजधानी ठरवली नाही, पण ठरल्यावर तिचं ओझं वाहिलं. इतपत मान्य.

---

तिसवाडीकर

अर्धा मुद्दा मिळाला. उरलेला अर्धा पुढच्या भेटीत, चहावर.

---

पंचगंगाकाठ

डिसेंबरात येतोय. कमानी बघायच्या असतील तर कुठे थांबायचं? बरोबर वडील आहेत, फार चालवणार नाही त्यांना. आणि बसने जमेल का?

---

रायबंदरचो_पात्रांव

बांधावर गाडी थांबवू नका, अजिबात. कडेला जागा नाही आणि मागून येणारा मिनीबसवाला तुम्हाला बघणार नाही. रायबंदर पाटोच्या टोकाला गाडी लावा आणि पन्नासेक पावलं मागे चाला, ओहोटी असेल तर तेवढ्यात बघायला मिळेल. भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा, भरतीला सगळं पाण्याखाली.

बसने येत असाल तर कदंब बसस्थानकावर जुन्या गोव्याची कुठलीही बस पकडू नका. चढण्याआधी विचारा, रायबंदरावरून की बायपासवरून, म्हणजे पठारावरच्या रस्त्याने. परतताना वडिलांना चोडणच्या फेरीत बसवून एक फेरी मारून आणा, पायी जाणाऱ्यांना तिकीट नाही. पलीकडेच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, आकाराने पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास. सकाळी लवकर आलात तर धक्क्यावरूनसुद्धा बगळे आणि खंड्या दिसतील.

मिठागरं मात्र डिसेंबरात ओलीच असतात. मीठ घ्यायचं तर मार्चनंतर या.